पायाखालची पाटी

जपान देशाचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या पूर्वेला, चीनच्याही पलीकडे, समुद्रात तो बेटांचा देश आहे. तिथे टोकियो शहरात एक मोठे सरकारी संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवण्याचे घर. त्या घरात पितळेच्या काही पाट्या ठेवल्या आहेत.

पाटी केवढी? वीतभर लांब, रुंदीला त्याहून कमी. एका पाटीवर येशू ख्रिस्त क्रुसावर आहे. दुसरीवर मरियामाता बाळ येशूला घेऊन आहे. पण चेहरे धड दिसत नाहीत. नाक झिजले, डोळे झिजले, सगळे गुळगुळीत झाले. आपल्याकडे जुन्या देवळाची पायरी झिजते ना, तसे.

आणि कारणही तेच. ह्या पाट्या माणसांच्या पायांनी झिजल्या. त्या पूजेसाठी ओतल्याच नव्हत्या. १६६९ साली नागासाकी शहराच्या सरकारने त्या ओतवून घेतल्या, त्या तुडवण्यासाठी. ज्याचा येशूवर विश्वास आहे, त्याचा पाय ह्या चित्रावर पडणार नाही, असा सरकारचा हिशेब. ज्याचा पाय अडखळला तो ख्रिस्ती. धरा त्याला.

हिशेब सोपा वाटतो. पण तो चुकला. कसा चुकला, ते आता पाहू. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

जपानात ख्रिस्ती धर्म गेला तो आपल्या गोव्यावरून. अंजिरो नावाचा एक जपानी माणूस गोव्याला आला होता. १५४८ साली त्याने गोव्यात बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी तो फादर फ्रान्सिस झेवियर ह्यांना घेऊन निघाला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ही मंडळी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरली. हेच ते झेवियर, ज्यांचा देह जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये ठेवला आहे. ते जपानात दोन वर्षांहून थोडे अधिक राहिले. त्यांच्यामागून दुसरे पाद्री गेले. साठ-पासष्ट वर्षांत ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली, असा अंदाज आहे. त्यांत सरदार होते, शेतकरी होते, कोळी होते. जपानी लोक त्यांना ‘किरिशितान’ म्हणत. आपल्याकडे कोकणात ‘किरिस्तांव’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आले.

मग राज्यकर्त्यांना भीती वाटू लागली. परदेशी पाद्री आले, त्यांच्यामागून परदेशी तोफा येतील. आणि आपली रयत आपल्याला मानील की त्यांच्या देवाला? १५८७ साली हिदेयोशी ह्या सत्ताधाऱ्याने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम केला. दहा वर्षांनी त्याने सव्वीस जणांना क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत, ऐन थंडीत, महिनाभर चालवत नेले. निघताना त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर त्या सर्वांना क्रुसाला बांधून भाल्यांनी मारले. त्यांतला सर्वांत लहान बारा वर्षांचा होता.

त्या सव्विसांत एक आपला वसईचा होता, बरे का. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. आधी व्यापारी, मग संन्यासी. जपानी भाषा त्याला चांगली येई, म्हणून तो दुभाष्याचे काम करी. १८६२ साली कॅथलिक मंडळीने त्याला संत म्हणून जाहीर केले. वसईत त्याच्या नावाचे कॉलेज आहे. त्या भागात त्याचे नाव अजून आदराने घेतात.

गोन्सालोची गोष्ट शूराची आहे. शूरांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात. पण सगळी माणसे काही शूर नसतात. तीन लाखांतली किती माणसे क्रुसावर चढतील? बाकीच्यांचे काय झाले?

१६१४ साली साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी झाली. आरंभी सरकारने खूप लोकांना जाळून मारले. पण त्याने उलटेच झाले. लोक जमायचे, मेलेल्याला मान द्यायचे. तेव्हा अंमलदारांनी विचार बदलला. माणूस मेला तर तो त्यांच्यात मोठा होतो. त्यापेक्षा त्याला जिवंत ठेवून धर्म सोडायला लावावा. मग छळाचे नवे प्रकार निघाले. एक प्रकार खड्ड्याचा. माणसाला आवळून बांधायचे आणि डोके खाली करून खड्ड्यात टांगायचे. कानाजवळ लहानशी चीर द्यायची, म्हणजे रक्त थेंब थेंब गळते आणि माणूस लवकर मरत नाही. हात हलवून खूण केली की वर काढायचे. हात हलवला, की धर्म सोडला.

१६३३ साली फेरेइरा नावाच्या मोठ्या पोर्तुगीज पाद्र्याला असे टांगले. वीस वर्षांहून अधिक काळ तो जपानात होता. लपूनछपून गावोगाव फिरून त्याने लोकांना धीर दिला होता. पाच तासांनी त्याने धर्म सोडला. त्याच वेळी नाकाउरा जुलियन नावाचा जपानी पाद्री शेजारी टांगलेला होता. त्याने धर्म सोडला नाही. तिथेच त्याने प्राण सोडला. हा जुलियन लहानपणी आणखी तीन मुलांबरोबर रोमला पोपना भेटायला गेला होता. जाता-येता ती मुले गोव्यात उतरली होती. त्या चौघांपैकी एकाने पुढे धर्म सोडला, आणि हा खड्ड्यात मेला. एकाच घडणीची माणसे. कोण टिकेल आणि कोण नाही, हे आधी कोणाला सांगता येते?

धर्म सोडणाऱ्याला जपानीत ‘कोरोबी’ म्हणत. कोरोबी म्हणजे पडलेला, गडगडलेला. शब्द सरकारी दप्तरातला आहे. त्याच दप्तरात आणखी एक शब्द सापडतो. त्याचा अर्थ आहे ‘फिरून मागे आलेला’. म्हणजे जो एकदा पडला, ज्याने धर्म सोडतो म्हणून सही केली, आणि मग चुपचाप परत ख्रिस्ती झाला. गावोगाव सरकारी फलक लावलेले असत. ख्रिस्ती माणसाची खबर देणाऱ्याला बक्षीस. १६८२ च्या फलकावर पाद्र्याची खबर देणाऱ्याला चांदीची ५०० नाणी लिहिली आहेत. साध्या ख्रिस्ती माणसाला १००. आणि फिरून मागे आलेल्याला ३००!

हा आकडा विचार करण्यासारखा आहे. सरकार काही कोणाची स्तुती करायला फलक लावत नव्हते. पण पडलेला माणूस परत उठतो, आणि तो तिप्पट धोक्याचा असतो, एवढे सरकारला अनुभवाने कळले होते.

आता पाटीकडे येऊ.

नागासाकीकडे दर वर्षी नव्या वर्षाच्या सुमाराला पाटीचा दिवस येई. शहरात अंमलदार घरोघर जात. खेड्यात गावच्या मुखियाच्या घरी, पाटलाच्या वाड्यावर म्हणा, सगळ्यांना बोलावत. नावे वाचायची. एकेकाने पुढे यायचे, अनवाणी पाय पाटीवर ठेवायचा, पुढे सरकायचे. कारकून खूण करायचा. तान्ह्या मुलालाही सूट नव्हती. आई मुलाला धरून त्याची पावले पाटीला लावी. कोणी अंथरुणाला खिळलेला असला, तर पाटी अंथरुणापाशी नेत.

शिवाय पाच-पाच घरांचा एक गट केलेला होता. एका घरात ख्रिस्ती सापडला, तर पाचही घरांना शिक्षा. म्हणजे पाय मागे घेणारा माणूस आपल्या एकट्याचा जीव देत नव्हता. बायकोचा, लेकरांचा, शेजारच्या म्हातारीचाही देत होता. घरात बसून ‘मी असतो तर पाय ठेवला नसता’ म्हणणे सोपे आहे. पदरात मूल घेऊन त्या रांगेत उभे राहिल्यावर काय सुचेल?

काहींनी पाय ठेवला नाही. ते मेले. पुष्कळांनी ठेवला. ठेवताना त्यांना काय वाटत होते? मरियामातेच्या तोंडावर आपण पाय देतो आहोत, हे त्यांना पुरते कळत होते. ‘नुसते पितळ तर आहे’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांतली ती माणसे नव्हती. तसे वाटले असते, तर पुढचे काही घडलेच नसते.

पुढचे काय? पाटी झाली, अंमलदार गेले, रात्र पडली. दारे लागली. मग घरातली माणसे जमत आणि एक प्रार्थना म्हणत. ती क्षमेची प्रार्थना होती. काही ठिकाणी लोक घरी येऊन पाय धूत आणि ते पाणी पीत, असेही सांगतात.

ह्या प्रार्थनेमागे एक लहानसे पुस्तक आहे. त्याचे नाव ‘कोंचिरिसान’. शब्द पोर्तुगीज, अर्थ मनापासूनचा पश्चात्ताप. १६०३ च्या सुमाराला, बंदी येण्याआधीच, ते जपानीत तयार झाले होते. कॅथलिक लोकांत अशी रीत आहे, की पाप घडले तर पाद्र्यापाशी जाऊन कबूल करायचे आणि त्याच्याकडून क्षमा घ्यायची. पण पाद्रीच नसेल तर? पुस्तकात त्याचे उत्तर होते. पाद्री मिळत नसेल, तर देवाच्या प्रेमाखातर मनापासून पश्चात्ताप करा. पुन्हा पाप न करण्याचा निश्चय करा. पाद्री भेटेल तेव्हा त्याच्यापाशी कबूल करायचे मनात ठेवा. देव क्षमा करील.

लिहिणाऱ्यांना तेव्हा कल्पना नसेल, की पाद्री भेटायला किती वर्षे लागणार आहेत. जपानातला शेवटचा लपलेला पाद्री १६४४ साली मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे ह्या लोकांना पाद्री मिळाला नाही. छापील पुस्तके सापडली तर जीव जाई. म्हणून लोक हाताने नकला करीत. ज्यांना वाचता येत नव्हते ते पाठ करीत. आजा नातवाला शिकवी, अंधारात, हळू आवाजात.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. पुस्तक सांगते, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय करा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच पाटी, तोच पाय! मग हा निश्चय खरा कसा म्हणावा? दर वर्षी पडायचे आणि दर वर्षी रडायचे, ह्याला धर्म म्हणायचे की ढोंग?

माझे मत विचाराल, तर ढोंग नाही. ढोंगी माणूस दुसऱ्याला दाखवण्यासाठी करतो. इथे दाखवायला कोणीच नव्हते. पाटीवर पाय ठेवला की सरकार खूश होते, काम झाले होते. त्या रात्री निजून जायला काय हरकत होती? उलट ती प्रार्थना म्हणण्यातच जिवाला धोका होता. तरी माणसे उठून बसली. एक-दोन वर्षे नव्हे, सात-आठ पिढ्या. पण हेही खरे, की त्यांनी स्वतःला निर्दोष म्हटले नाही. ‘आमचा इलाज नव्हता, म्हणून ते पापच नव्हे’ असे म्हणणे त्यांना सोपे होते. त्यांनी त्याला पापच म्हटले आणि क्षमा मागितली.

त्यांना आधार होता तो येशूच्या पहिल्या शिष्यांचा. पेत्राची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ठाऊक असते. पेत्र येशूला म्हणाला होता, सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. त्याच रात्री येशूला धरले. पेत्र अंगणात विस्तवापाशी बसला होता. एक मोलकरीण त्याला म्हणाली, तूही त्याच्याबरोबरचाच ना? पेत्र घाबरला. त्याने तीनदा सांगितले, मी त्याला ओळखत नाही. कोंबडा आरवला, आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पुढे त्याच पेत्रावर येशूने आपली मंडळी सोपवली. म्हणजे ह्या धर्माचा पहिला पुढारीच एक पडलेला माणूस आहे.

पण नुसता पश्चात्ताप करून दोनशे वर्षे निघत नाहीत. व्यवस्था लागते. नागासाकीजवळच्या उराकामी गावात आणि आसपासच्या गावांत लोकांनी आपसांत कामे वाटून घेतली होती. एकाकडे पंचांग. कोणता सण कधी, उपास कधी, कोणत्या दिवशी शेतात काम करायचे नाही, हे तो पाही. दुसऱ्याकडे बाप्तिस्मा. मूल जन्मले की तो पाणी घाली. तिसरा घरोघर निरोप पोचवी. वरून सगळे बौद्ध. देवळात नावे लिहिलेली, मेलेल्याचा विधी बौद्ध भिक्षूच्या हातचा. घरात कान्नोन देवीची मूर्ती असे. लहान मूल घेतलेली देवी. ज्याला ठाऊक होते, त्याला तिच्यात मरिया दिसे.

आणि ही सगळी पाटी तुडवणारी माणसे होती. पंचांग ठेवणाराही तुडवी, पाणी घालणाराही. त्यामुळे कोणी कोणाला ‘तू बाटलास, बाहेर हो’ म्हणू शकत नव्हता. मला वाटते, त्यांच्या टिकण्यात ह्याचा वाटा मोठा आहे. नुसते शूरच ठेवायचे म्हटले असते, तर मंडळी एका पिढीत संपली असती.

१८५०च्या पुढे जपानने परदेशी जहाजांना बंदरे उघडून दिली. पाटी तुडवण्याची रीतही त्याच सुमाराला बंद झाली. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे एक चर्च बांधले. तिथे पेतीजाँ नावाचे फ्रेंच पाद्री होते. जपानी लोकांना ख्रिस्ती होण्याची बंदी अजून होतीच. पण बघे लोक चर्च पाहायला येत.

१७ मार्च १८६५. दुपारची वेळ. बारा-पंधरा माणसे चर्चच्या दाराशी आली. दिसायला साधे शेतकरी. पेतीजाँनी दार उघडले आणि ते आत गुडघ्यांवर बसून प्रार्थना करू लागले. तेवढ्यात एक बाई त्यांच्या जवळ आली. छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, आमचे मन आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

पेतीजाँना क्षणभर खरे वाटेना. कोण तुम्ही? उराकामीचे. तिथे बहुतेक सगळे आमच्यासारखेच. मूर्ती दाखवल्यावर त्यांनी बाळ येशूला ओळखले. मग त्यांनी सांगितले, की सध्या आमचे दुःखाचे दिवस चालू आहेत, आज सतरावा दिवस. तुम्हीही ते पाळता ना? ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक उपासाचे दिवस पाळतात. त्या वर्षी ते १ मार्चला सुरू झाले होते. मोजून पाहा, १७ मार्चला सतरावाच दिवस येतो. पाद्री नाही, छापील पंचांग नाही, आणि दोनशेहून अधिक वर्षांनी एका दिवसाचीही चूक नाही!

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण अजून एक मोठी परीक्षा राहिली होती.

उराकामीच्या लोकांना धीर आला. बौद्ध विधी नको, आम्ही आमच्या रीतीने मयत पुरणार, असे ते उघड म्हणू लागले. १८६७ च्या जुलैत एका पहाटे ६८ जणांना धरून नेले. तुरुंगात मारहाण झाली. आणि काय सांगावे, बहुतेक सगळ्यांनी हाय खाल्ली. धर्म सोडतो म्हणून कबूल केले आणि सुटून घरी आले. ताकागी सेनएमोन नावाचा एक शेतकरी तेवढा शेवटपर्यंत नाही म्हणाला.

दोनशे वर्षे धीराने काढली, आणि उजाडताना पडले! पण ह्या वेळी त्यांनी रात्रीची वाट पाहिली नाही. घरी आलेली माणसे पुन्हा सरकारकडे गेली आणि म्हणाली, आम्ही कबूल केले ते मागे घेतो. आम्ही ख्रिस्ती आहोत. ह्याचा अर्थ काय होतो, हे त्यांना आता ठाऊक होते. तुरुंग पाहून आलेली माणसे होती ती. पहिल्यांदा नाही म्हणायला जेवढा धीर लागतो, त्याहून हा धीर मला मोठा वाटतो.

१८६८ पासून सगळे गावच हद्दपार झाले. ३,४०० च्या आसपास माणसे, बायकापोरांसकट, वीसएक ठिकाणी वाटून दिली. त्सुवानो गावी सेनएमोनला आणि त्याच्या सोबत्याला बर्फ धरलेल्या तळ्यात उतरवले. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच अशा पिंजऱ्यात माणसे कोंडली. त्यात ना धड बसता येते, ना निजता येते. त्या वर्षांत सहाशेहून अधिक माणसे मेली. हजाराच्या आसपास लोकांनी ह्याही वेळी धर्म सोडला. बाकीचे टिकले. १८७३ साली परदेशांच्या दबावामुळे सरकारने बंदीचे फलक उतरवले आणि लोकांना घरी सोडले.

सगळेच छुपे ख्रिस्ती कॅथलिक मंडळीत परत आले असे नाही. इकित्सुकी बेटावर आणि आणखी काही ठिकाणी लोकांनी वाडवडिलांची छुपी रीतच धरून ठेवली. त्यांना ती सोडवेना. त्यांचेही काही वेडे नव्हते म्हणा.

उराकामीचे लोक घरी आले तेव्हा शेती पडलेली, घरे मोडलेली. हाताला काही नाही. तरी थोड्याच वर्षांत, १८८० साली, त्यांनी पैसे जमवून एक जागा विकत घेतली. ती गावच्या जुन्या मुखियाच्या वाड्याची होती. त्याच वाड्यात दर वर्षी सगळा गाव ओळीने उभा राहून पाटी तुडवत असे. त्या जागेवर आधी साधे प्रार्थनाघर झाले. १८९५ साली मोठ्या चर्चची पायाभरणी केली. विटा, दगड, पैसा जमेल तसे काम चाले. बांधायला जवळजवळ वीस वर्षे गेली. १९४५ साली नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, त्यात ते चर्च कोसळले आणि गावातली हजारो माणसे मेली. १९५९ साली लोकांनी ते पुन्हा बांधले. अजूनही त्याच जागेवर आहे.